आज कोणाची जयंती, आणि आज कोणता सिनेमा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमधल्या तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून सिनेमा पाहायचा, तो त्या महिन्यातल्या एखाद्या जयंतीला, पुण्यतिथीला किंवा ऐतिहासिक दिवसाला धरून असावा, आणि घरातल्या वाढदिवसांनाही हीच पद्धत लावता आली तर बरं. यादी करायला बसलात तर हाती फक्त चरित्रपट आले, आणि त्यातले निम्मे पाहवत नाहीत. मग निवड करायची कशी?

गावातल्या रसिक मंडळांसाठी सिनेमे निवडण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, त्यामुळे आधी उत्तर सांगून टाकतो. तारखेवरून माणूस आणि माणसावरून त्याचा चरित्रपट, ही सरळ वाट सोडा. त्या दिवशी नेमकं काय आठवायचं आहे ते एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्याला शोभेल असा सिनेमा शोधा. मग एकच कसोटी लावा: तारीख पुसून टाकली तरी हा सिनेमा तुम्ही लोकांना बोलावून दाखवाल का? नाही म्हणालात तर तो यादीतून काढा, मग त्यात कितीही मोठा महापुरुष असो.

नमुन्यादाखल ६ जानेवारी घ्या. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, म्हणून हा मराठी पत्रकार दिन. १९२८ साली याच दिवशी विजय तेंडुलकर जन्मले. जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ (१९७९) अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवर आहे, पटकथा तेंडुलकरांची आहे, आणि सगळं राजकारण आपण पाहतो ते दिगू टिपणीस नावाच्या वार्ताहराच्या डोळ्यांनी. निळू फुल्यांनी साकारलेला हा दिगू शेवटी ज्या अवस्थेत दिसतो, ते पाहिल्यावर पत्रकारितेवर वेगळं भाषण ठेवायची गरज उरत नाही. इथे बाळशास्त्रींचं चरित्र कुठेच नाही, पण त्यांनी सुरू केलेल्या धंद्याचं दीडशे वर्षांनी काय झालं ते आहे. मला जुळणी म्हणून हवी असते ती ही. तारीख दोन्हीकडून लागू पडते, आणि तारीख नसती तरी ‘सिंहासन’ केव्हाही दाखवावा असाच आहे.

आता आपल्या गावाकडे येतो, कारण या बाबतीत नाशिककर भाग्यवान आहेत. दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच वारले. ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये ३ मे १९१३ रोजी लोकांसाठी लागला. म्हणजे एकाच माणसाच्या तीन तारखा झाल्या. बहुतेक ठिकाणी तिन्ही तारखांना ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’च लावतात. परेश मोकाशींचा तो २००९ चा चित्रपट गोड आहे, नंदू माधव यांचे फाळके विसरता येत नाहीत, पण तो वर्षातून एकदाच लावावा. तिन्ही दिवसांचा सूर वेगळा आहे, तेव्हा सिनेमेही वेगळे हवेत.

३० एप्रिल हा जन्मदिवस. शाळांच्या परीक्षा संपलेल्या असतात, मुलं मोकळी असतात. या दिवशी फाळक्यांचा स्वतःचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) दाखवा. कृष्णाची भूमिका फाळक्यांच्याच लहान मुलीने, मंदाकिनीने केली आहे. पहिल्याच दृश्यात ती साध्या वेषात समोर येते, चेहऱ्यावर वेगवेगळे भाव आणून दाखवते आणि मग कृष्ण होते. शंभर वर्षांपूर्वीची ती चिमुरडी पाहताना आजची पोरं एकदम गप्प होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मूकपट असल्याने भाषेचा प्रश्न नाही. सोसायटीत कोणी पेटी-तबला वाजवणारं असेल तर त्यांना पडद्याशेजारी बसवा आणि जे सुचेल ते वाजवायला सांगा. ‘राजा हरिश्चंद्र’चा जो भाग आज पाहायला मिळतो तो थोडाच आहे, आणि तो मुळात १९१३ चा की १९१७ च्या पुनर्निर्मितीचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. ‘भारताचा पहिला सिनेमा बघा’ अशी जाहिरात करून तो लावू नका. ‘कालिया मर्दन’च्या आधी तो भाग दाखवा आणि वाद आहे हे सांगून टाका, लोकांना ते आवडतं.

३ मे हा माणसाचा दिवस नाही, कामाचा आहे. त्या दिवशी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ जरूर लावा, पण जोडीला ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा फैझा अहमद खान यांचा २००८ चा माहितीपट दाखवा. यंत्रमागांच्या गावात शेख नासिर नावाचा माणूस मित्रांना गोळा करून अक्षरशः जुगाडावर ‘मालेगाव का सुपरमॅन’ उभा करतो, आणि सुपरमॅन होतो एक किडकिडीत यंत्रमाग कामगार. तास-सव्वा तासाचा आहे. घरातली भांडी विकून कॅमेऱ्यामागे धावणारे फाळके आणि सायकलीवर कॅमेरा बांधणारे मालेगावकर यांच्यामध्ये शंभर वर्षं आहेत, पण वेड एकच आहे, आणि दोघेही आपल्याच जिल्ह्याचे. नासिर आणि त्याच्या मित्रांवर २०२५ मध्ये ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा कथापटही आला. चांगला आहे, पण एकच निवडायचा झाला तर मी माहितीपट घेईन.

१६ फेब्रुवारीची गोष्ट निराळी. ज्याने देशाला सिनेमा दिला तो शेवटच्या वर्षांत बाजूला पडला होता. बोलपट आल्यावर त्यांच्या वाट्याला एकच बोलपट आला, ‘गंगावतरण’ (१९३७), तोही कोल्हापूर सिनेटोनसाठी. या दिवसाला मी ‘कागज के फूल’ (१९५९) सुचवतो. गुरुदत्तच्या त्या चित्रपटात फाळक्यांचा उल्लेखही नाही, पण स्टुडिओने टाकून दिलेल्या दिग्दर्शकाची कहाणी आहे, आणि तो पाहून पांडवलेण्याच्या पायथ्याचं फाळके स्मारक आठवलं नाही असा नाशिककर मला भेटायचा आहे. सुरुवातीला दोन मिनिटांत फाळक्यांची शेवटची वर्षं सांगा आणि दिवे घालवा. बाकी काम सिनेमा करतो.

२७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जयंतीला आणि मराठी भाषा गौरव दिनाला, ‘नटसम्राट’ लावण्यावाचून पर्याय नाही असं लोकांना वाटतं. वाटण्यात चूक नाही. नाटक शिरवाडकरांचं, १९७० मध्ये डॉ. लागूंनी उभं केलेलं. महेश मांजरेकरांचा चित्रपट १ जानेवारी २०१६ ला आला, आणि १ जानेवारी हा नाना पाटेकरांचा वाढदिवस. पण तुमच्या हॉलमधल्या ज्येष्ठांनी तो कितीदा पाहिला असेल याचा विचार करा. मी ‘नटसम्राट’ फेब्रुवारीतून काढून २३ एप्रिलला नेतो. तो शेक्सपिअरचा स्मृतिदिन आणि जागतिक पुस्तक दिन. ‘नटसम्राट’च्या मुळाशी ‘किंग लिअर’ आहे, आणि अकिरा कुरोसावांचा ‘रान’ (१९८५) हाही लिअरच आहे, फक्त मुलींच्या जागी मुलगे आणि इंग्लंडच्या जागी जपान. एका शनिवारी एक आणि दुसऱ्या शनिवारी दुसरा असे दाखवा. म्हातारपणी सगळं वाटून मोकळा झालेला बाप नाशिकला काय किंवा जपानला काय, एकाच दारात उभा राहतो. पेन्शनर मंडळींत त्यावर जी चर्चा रंगते ती आवरावी लागते.

मग २७ फेब्रुवारीला काय? इथे मी भाषेच्या बाजूने जातो. ज्या चित्रपटाचे संवाद कानाला सुखावतात असा कोणताही मराठी चित्रपट चालेल. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) माझा आवडता, आणि त्याला नाशिकचा धागा आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ तारखेच्या दरम्यान. हा चित्रपट राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. २४ डिसेंबरला गुरुजींच्या जयंतीला तो सगळीकडे लागतो. आपण तो फेब्रुवारीत लावला तर ती तारीख फक्त आपल्याच गावाची होते. स्वतःच्या गावाची तारीख सापडली की देशभरच्या तारखेपेक्षा तिला आधी जागा द्या.

गांधीजींच्या दोन तारखांबद्दल माझं मत जरा ठाम आहे. रिचर्ड ॲटनबरोंचा ‘गांधी’ (१९८२) तीन तासांहून मोठा आहे आणि २ ऑक्टोबरला तो दूरदर्शनपासून शाळेपर्यंत सगळीकडे दिसायचा. तो मी जानेवारीच्या अखेरीला ठेवतो. त्यातली अंत्ययात्रा ३१ जानेवारी १९८१ रोजी चित्रित झाली, खऱ्या अंत्ययात्रेला त्या दिवशी ३३ वर्षं होत होती, आणि दिल्लीच्या रस्त्यावर सुमारे ३ लाख माणसं उभी होती. म्हणजे ते दृश्य स्वतःच एक स्मृतिदिन आहे. वेशभूषेसाठी भारताला पहिलं ऑस्कर मिळवून देणाऱ्या भानू अथैया कोल्हापूरच्या, हेही सांगायला विसरू नका.

२ ऑक्टोबरला मात्र ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७). कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि गदिमांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ चा, म्हणजे दोन दिवस लागून येतात. खुनाची शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना एक जेलर माळरानावर नेतो, कुलुपं काढतो आणि विश्वासावर ठेवतो. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग त्यामागे आहे. गांधीजी पडद्यावर कुठेच नाहीत, तरी गांधीविचाराची परीक्षा इतक्या कठोरपणे दुसऱ्या कुठल्या चित्रपटाने घेतली असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे नाशिकरोडला मध्यवर्ती कारागृह आहे. प्रेक्षकांत तिथून निवृत्त झालेले कोणी असतील तर चर्चेला त्यांना पुढे बसवा.

तिथी आणि तारीख यांचा घोळ मात्र नीट समजून घ्या, कारण सोसायटीच्या बैठकीत भांडणं सिनेमावरून कमी आणि यावरून जास्त होतात. संतांचे दिवस तिथीनेच पाळावेत. तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला येते, आणि लगेच दुसऱ्या दिवशी, तृतीयेला, तिथीप्रमाणे शिवजयंती. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) बीजेला दाखवा. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम तर आहेच, पण भांडखोर, दमलेली, तरीही नवऱ्याच्या बाजूने उभी राहणारी आवली त्या चित्रपटाचा कणा आहे. व्हेनिसच्या महोत्सवात तो १९३७ साली नावाजला गेला, पण आपल्या आजीलाही तो तितकाच कळतो. त्यानंतर दोन-तीन दिवसांत रंगपंचमी. त्या दिवशी काही ठेवू नका. अख्खं जुनं नाशिक रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात असतं, तुमच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर आणि तुम्ही असे दोघेच उराल.

‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) आळंदीच्या तारखेला, म्हणजे कार्तिक वद्य त्रयोदशीला लावण्याची पद्धत आहे. आपण तो पौष वद्य एकादशीला घ्यावा. तेव्हा त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथांची यात्रा असते आणि रस्त्याने दिंड्या जात असतात. धाकट्या भावाच्या चित्रपटातून थोरल्या भावाकडे पाहायचं, तोच गुरूही. मुलांना भावंडांची गोष्ट म्हणून तो जास्त भिडतो.

शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्चला येतो. दोन पद्धतींत त्या शतकात दहा दिवसांचं अंतर होतं. म्हणूनच शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेस दोघेही ‘२३ एप्रिल १६१६’ ला गेले असं लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात ते एकाच दिवशी गेले नाहीत. एक स्पेनच्या नव्या पंचांगाने, दुसरा इंग्लंडच्या जुन्या. रशियाची ऑक्टोबर क्रांती ७ नोव्हेंबरला साजरी होते तेही याचमुळे. तुमच्या मंडळाने एक धोरण ठरवावं (सरकारी सुट्टी ज्या तारखेला, ती आपली तारीख) आणि त्यावर वर्षभर वाद घालू नये.

शिवकाळाला सिनेमांचा तोटा नाही, आणि इथे जन्मतारखेपेक्षा लढायांच्या तारखा कामाला येतात. ४ फेब्रुवारी सिंहगड, ५ एप्रिल लाल महाल, १३ जुलै पावनखिंड, १० नोव्हेंबर प्रतापगड. गेल्या काही वर्षांत यातल्या प्रत्येकावर मराठीत चित्रपट आले आहेत. जुलैतला पाऊस बाहेर आणि ‘पावनखिंड’ आत, हे जमतं. सलग सगळे मात्र लावू नका. दोन झाले की तलवारींचा आवाज एकसारखा वाटू लागतो, निदान मला तरी.

आता नाजूक तारखा. नाशिकला त्या भरपूर आहेत. २८ मे सावरकर जयंती, भगूर हाकेच्या अंतरावर. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या. हे सगळं एका जिल्ह्याचं आहे, आणि सोसायटीत प्रत्येक तारखेचा मानकरी वेगळा असतो. माझा उपाय असा की एका वर्षात सगळ्यांना जागा द्यायची आणि कोणत्याही दिवशी प्रचाराचा सूर येऊ द्यायचा नाही. सावरकरांवर दोन ठळक चित्रपट आहेत. एक सुधीर फडक्यांनी लोकवर्गणीतून उभा केलेला, २००१ चा. दुसरा रणदीप हुडांचा, २०२४ चा, जवळपास तीन तासांचा. पहिल्यामागची फडक्यांची चिकाटी हाच स्वतंत्र बोलण्याचा विषय आहे, म्हणून मी तो निवडतो.

बाबासाहेबांवर जब्बार पटेलांचा चित्रपट आहे, मामूटींना ज्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो. तो २ मार्चला किंवा १३ ऑक्टोबरला ठेवा. १४ एप्रिलला संध्याकाळी मिरवणुकीत सगळं गाव रस्त्यावर असतं, हॉल भरत नाही आणि भरू नये. त्या पंधरवड्यात नंतरच्या एखाद्या रविवारी ‘फँड्री’ (२०१४) दाखवा. शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई यांची चित्रं आणि समोरून डुक्कर वाहून नेणारं कुटुंब, त्या एका चौकटीत जयंतीच्या दिवशीची सगळी भाषणं थबकतात. शेवटचा दगड सुटल्यावर लगेच दिवे लावू नका.

२१ डिसेंबरला मी एक परदेशी चित्रपट सुचवतो आणि लोक आधी चमकतात. आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ रशियातल्या १९०५ च्या उठावाला वीस वर्षं झाली म्हणून काढला गेला, आणि पहिल्यांदा दाखवला गेला तो २१ डिसेंबर १९२५ ला, मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरात. म्हणजे हा स्मृतिदिनासाठीच जन्मलेला चित्रपट. माणूस बंदुकीपर्यंत का येतो हा प्रश्न विजयानंदचाही आणि या चित्रपटातल्या ओडेसाच्या पायऱ्यांचाही. सव्वा तासाच्या आसपास संपतो, संवाद नाहीत.

मात्र तारखा जुळल्या म्हणून सगळं जुळतं असं नाही. २३ मार्च हा भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांचा हौतात्म्य दिन आणि कुरोसावांचा जन्मदिवसही. या दोन गोष्टींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, तेव्हा त्या दिवशी कुरोसावांना सुट्टी द्या. त्या दिवशी ‘द लेजंड ऑफ भगतसिंग’ (२००२) घ्यावा. तो आला त्याच दिवशी, ७ जून २००२ ला, भगतसिंगांवरचा आणखी एक चित्रपट प्रदर्शित झाला होता, त्या स्पर्धेची गंमत सांगता येते. उलट चार्ली चॅप्लिन १६ एप्रिल १८८९ चा आणि हिटलर २० एप्रिल १८८९ चा, हा योगायोग खरोखर कामाचा आहे, कारण त्यातून ‘द ग्रेट डिक्टेटर’ (१९४०) निघाला: चार दिवसांनी थोरला असलेला विदूषक धाकट्या हुकूमशहाची मिशी परत मागतो. तसंच १ ऑगस्ट १९२०. टिळक मुंबईत गेले, आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. ‘लोकमान्य’ (२०१५) सगळे लावतात. अण्णाभाऊंच्या कादंबरीवरचा जुना ‘फकिरा’ मिळाला तर तो आधी लावा.

२५ जूनला दोन तट पडतात. १९७५ ची आणीबाणी आणि १९८३ चा विश्वचषक. माझ्या पिढीला पहिलं आठवतं, मुलांना दुसरं. मुलं जास्त असतील तर ‘८३’, ज्येष्ठ जास्त असतील तर ‘हजारों ख्वाहिशें ऐसी’. १ मेला महाराष्ट्र दिनाबरोबर कामगार दिनही असतो हे सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या शहराने विसरू नये: चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६), यंत्राच्या दातांत अडकलेला कामगार. कारखान्यात आयुष्य घालवलेली माणसं त्या दृश्याला मुलांपेक्षा मोठ्याने हसतात.

मुलांसाठी १४ नोव्हेंबर आहेच. ‘एलिझाबेथ एकादशी’ २०१४ साली याच दिवशी आला, गोष्ट पंढरपूरच्या यात्रेतली, आणि कार्तिकी एकादशीही बहुधा याच सुमाराला असते. यावर जास्त बोलायची गरज नाही, डोळे मिटून लावा.

दिवस मागेपुढे करण्याबद्दल. जयंती जवळच्या शनिवार-रविवारी कुठेही सरकवा, कोणी हरकत घेत नाही. पुण्यतिथी मात्र आधी घेऊ नका. नंतर घेतली तर चालते. काही तारखा व्यवहारात मोडतात. आनंदीबाई जोशींचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, पण त्या दिवशी बँकवाले, हिशेबनीस, दुकानदार कोणीच जागेवर नसतात. ‘आनंदी गोपाळ’ (२०१९) मी १ जुलैला, डॉक्टर दिनाला नेतो, आणि सोसायटीतल्या डॉक्टरांना प्रस्तावना करायला सांगतो. त्या निमित्ताने ते वेळेवर येतात.

प्रस्तावनेवरूनच सांगतो, ती तीन मिनिटांची असावी. आज कोणता दिवस, हा सिनेमा का, आणि पाहताना एका कोणत्या गोष्टीकडे लक्ष ठेवायचं, इतकंच. हार, फोटोपूजन, आभार हे सगळं करायचं असेल तर सिनेमा संपल्यावर करा. आधी केलंत तर निम्मी मंडळी फोन काढून बसलेली असतात. तारखा कुठल्याही फॉरवर्ड मेसेजवरून घेऊ नका. कलावंतांच्या जन्मतारखा दोन वेगवेगळ्या भरवशाच्या ठिकाणी सारख्या मिळाल्या तरच सूचनाफलकावर लावा.

घरातल्या वाढदिवसांसाठी लोक जन्मवर्षातला गाजलेला चित्रपट शोधतात. पंचाहत्तरीला ते चुकतं. १९५१ ला जन्मलेल्या आजोबांना १९५१ चा चित्रपट पाहिल्याचं काय आठवणार, ते तेव्हा पाळण्यात होते. माणसाचा सिनेमा असतो तो सोळा ते बावीस या वयातला. त्यांना विचारा, कॉलेज बुडवून काय पाहिलं होतं, कोणत्या टॉकीजला, सोबत कोण होतं. १९७१ चा ‘सोंगाड्या’ निघेल, नाहीतर आजी समोर असताना सांगता येणार नाही असं काहीतरी निघेल. तोच लावा. लहान मुलांना त्यांच्याच तारखेला जन्मलेला कलावंत शोधून द्या, वर्षभर ते त्याला ‘माझा’ म्हणतात.

हक्कांचं थोडं रुक्ष आहे, पण टाळू नका. ओटीटीचं खातं घरच्यासाठी असतं. सोसायटीच्या हॉलमध्ये त्यावरून जाहीर खेळ करायचा अधिकार त्यात येत नाही. नव्या चित्रपटासाठी निर्मात्याची किंवा वितरकाची लेखी परवानगी घ्या, छोट्या विनामूल्य खेळाला अनेकजण खळखळ न करता देतात. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या वर्षानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे ‘संत तुकाराम’, ‘श्यामची आई’, ‘दो आँखें’, ‘कागज के फूल’ हे त्या मुदतीच्या पलीकडे गेले आहेत. तरी डागडुजी केलेली नवी प्रत ज्यांच्याकडून घ्याल त्यांच्या अटी वाचा. मुलं येणार असतील तर प्रमाणपत्रही बघा. आता ‘यूए’मध्ये ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे केले आहेत.

यादी करायला बसाल तेव्हा पुढची दोन-तीन वर्षंही नजरेत ठेवा, कारण पन्नास-शंभरच्या तारखांना चांगली माणसं बोलायला मिळतात, फक्त त्यांना आधी गाठावं लागतं. २०२७ हे वर्ष विलक्षण दाट आहे. २० मार्चला महाडच्या सत्याग्रहाची शंभरी, ११ एप्रिलला जोतीराव फुल्यांची द्विशताब्दी, १६ नोव्हेंबरला डॉ. श्रीराम लागूंची जन्मशताब्दी. फुल्यांसाठी अत्र्यांचा ‘महात्मा फुले’ (१९५४) आत्ताच शोधून ठेवा. २०२५ चा हिंदी ‘फुले’ ११ एप्रिलला यायचा होता, तो लांबून २५ एप्रिलला आला. दोन्ही पाहून सत्तर वर्षांत आपण त्यांच्याकडे कसं पाहायला लागलो हे मोजता येईल. लागूंसाठी ‘पिंजरा’ की ‘सामना’, यावर तुमच्या बैठकीत एक संध्याकाळ सहज जाईल. त्याच वर्षी गोदाकाठी सिंहस्थाची गर्दी असेल, तेव्हा पर्वणीच्या तारखा आधी पाहून खेळ आखा. रस्ते बंद असले तर पाहुणे वक्ते शहरातल्या द्वारका चौकाच्या पुढे यायचे नाहीत.